आयसीयूतला छातीचा एक्सरे कुठे कुठे फसवतो, नवीन रेसिडेंटसाठी

आयसीयूत पहिलंच पोस्टिंग आहे, रात्रीचे तीन वाजलेत, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सॅच्युरेशन खाली आलंय, पोर्टेबल एक्सरे आला आणि एका बाजूला काहीतरी काळं नाहीतर पांढरं दिसतंय. सिस्टर विचारतायत "सर, आयसीडी ट्रे लावू का?" (म्हणजे छातीतली हवा-पाणी काढायची नळी घालायची तयारी) आणि तुमच्या तोंडातून "हो" बाहेर पडायच्या बेतात आहे. हा लेख त्या पाच मिनिटांसाठी आहे.

कॉलेजात आपण जो एक्सरे वाचायला शिकतो तो उभं राहून, छाती प्लेटला टेकवून, पूर्ण श्वास भरून काढलेला पीए (किरण पाठीकडून पुढे) एक्सरे असतो. ड्युटीवर हातात येतो तो झोपलेल्या माणसाच्या पाठीखाली प्लेट सरकवून, श्वासाच्या मिळेल त्या टप्प्यावर काढलेला एपी (किरण पुढून पाठीकडे). नियम पहिल्याचे पाठ असतात आणि लावतो दुसऱ्याला, बहुतेक गडबडी तिथूनच निघतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. बीपी आणि सॅच्युरेशन दोन्ही कोसळतायत, एका बाजूला एअर एन्ट्री नाहीये, व्हेंटचे प्रेशर अलार्म वाजतायत आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाबाहेर छातीत दाबाने साठलेल्या हवेचा) संशय आहे, तर एक्सरेची वाट बघत बसू नका, आधी हवा बाहेर काढा. अल्ट्रासाउंडचा प्रोब हाताशी असेल तर दहा सेकंद ठेवून बघा, नसेल तर तेही नको. खालचं सगळं, पेशंट तेवढा वेळ देतोय असं धरून लिहिलंय.

पायरी १: फिल्म कशी काढली ते आधी बघा

लाइट बॉक्सवर लावली किंवा स्क्रीनवर उघडली की डोळे थेट फुफ्फुसाकडे पळतात, त्यांना जरा आवरा. आधी नाव, तारीख, वेळ. हसू नका, एकाच रात्री तीन पेशंटच्या फिल्म निघतात आणि चुकीच्या नावाने अपलोड होतात, हे मी एकदा नाही बऱ्याचदा बघितलंय. डावं-उजवं मार्करही बघा.

मग एपी की पीए, झोपून की टेकून बसवून. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, एपीत प्लेट पाठीमागे असते म्हणजे हृदय प्लेटपासून लांब पडतं, त्यात पोर्टेबल मशीनची ट्यूब साधारण एक मीटरवर असते (पीएला ती १८० सेंमीवर असते), त्यामुळे हृदयाची सावली फुगते. "सीटीआर अर्ध्यापेक्षा जास्त म्हणजे कार्डिओमेगाली" (सीटीआर म्हणजे छातीच्या रुंदीच्या मानाने हृदयाची रुंदी, कार्डिओमेगाली म्हणजे मोठं झालेलं हृदय) हे इथे चालत नाही. पेशंट आडवा असला की डायफ्रॅम वर येतो, मेडियास्टायनम (दोन फुफ्फुसांमधला, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांचा भाग) रुंद दिसतो आणि वरच्या लोबच्या व्हेन्स भरलेल्या दिसतात. उभ्या माणसात त्याच भरलेल्या व्हेन्सना आपण हार्ट फेल्युअरची खूण म्हणतो, आडव्या माणसात ती नुसती ग्रॅव्हिटी असते. मेडियास्टायनम रुंद दिसतोय म्हणून ट्रॉमा नसलेल्या, पाठीत-छातीत काही दुखत नसलेल्या पेशंटच्या एओर्टाच्या मागे लागण्याआधी जुनी फिल्म काढा. ट्रॉमाचा असेल किंवा दुखणं तसं असेल तर मात्र हा दिलासा स्वतःला देऊ नका, सीटी करा.

रोटेशन: दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या स्पायनस प्रोसेसपासून सारख्या अंतरावर आहेत का ते बघा. नसतील तर एक फुफ्फुस उगाचच काळं आणि दुसरं उगाचच करडं दिसणार, ट्रेकिया (श्वासनलिका) सरकल्यासारखी वाटणार, हायलम (फुफ्फुसाचं मूळ) मोठा वाटणार. एका बाजूचं काळेपण खरं की खोटं हे ओळखायची माझी आवडती युक्ती म्हणजे खांद्याचा आणि काखेचा मऊ भाग बघणं. त्याच बाजूचा तो भागही जास्त काळा असेल तर फरक बहुतेक फुफ्फुसाच्या बाहेरचा आहे, रोटेशन, तिरकी पडलेली बीम, नाहीतर त्या बाजूचं ब्रेस्ट आधी ऑपरेशनमध्ये काढलेलं असणं. हे शेवटचं कारण फिल्मवर कधीच लिहिलेलं नसतं, चादर बाजूला करून बघितलं की कळतं.

श्वास: मागच्या रिब्स मोजा. नऊ-दहा दिसल्या तर ठीक. सात-आठवरच डायफ्रॅम आला असेल तर बेसला जे पांढरं दिसतंय ते नुसतं गर्दी झालेलं फुफ्फुस असू शकतं.

आणि जी गोष्ट फिल्मवर दिसतच नाही ती म्हणजे पीप, श्वास सोडल्यावरही व्हेंट फुफ्फुसात टिकवून ठेवतं ते प्रेशर. काल पीप ५ होतं, आज १२ आहे, आजची फिल्म स्वच्छ दिसतेय आणि राउंडमध्ये कुणीतरी खुशीत सांगतं की शॅडोज कमी झाल्या. ऑक्सिजनची गरज कमी झालीय का ते विचारा, कदाचित काहीच कमी झालेलं नसतं, फक्त फुफ्फुस जास्त फुगवलंय. उलटंही होतं, पेशंट सुधारला, ट्यूब काढली, प्रेशर गेलं, दुसऱ्या दिवशीची फिल्म धुरकट आली आणि नवीन न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. फिल्म काढताना एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) आणि पीप किती होतं हे रिक्वेस्टवर लिहायची सवय लावून घ्या, रिपोर्ट करणारा रेडिओलॉजिस्टही दुवा देईल.

पायरी २: शरीराबाहेर काय काय पडलंय

ईसीजी लीड्स, व्हेंटचं सर्किट, ऑक्सिजनची नळी, गाऊनच्या गाठी, उशीची घडी, खांद्यावर आलेली वेणी, सगळं फिल्मवर येतं. वेणी तर वरच्या लोबमध्ये सुंदर पॅच तयार करते. फिल्म काढण्याआधी जे हलवता येतं ते हलवायला सांगा.

यातला खरा दरोडेखोर म्हणजे त्वचेची घडी. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट, वय झालेले, अगदी बारीक, कातडी सैल झालेले आजोबा, व्हेंटवर, फिल्ममध्ये उजवीकडे रिब्सना समांतर लांबच लांब रेघ आणि रेघेच्या बाहेर काळं. मी बीटाडीन लावून, लोकल भरून तयार. सिनियर आले, फिल्म बघितली आणि एवढंच म्हणाले, "रेघ कुठे संपते ते बोटाने दाखव." बोट फिरवत गेलो तर रेघ फुफ्फुस सोडून, रिब्स सोडून, सरळ काखेच्या बाहेर गेली. प्लेट पाठीखाली सरकवताना कातडी गोळा झाली होती, बस. त्या आजोबांच्या चांगल्या फुफ्फुसात मी नळी घालणार होतो.

फरक असा बघायचा. खऱ्या न्यूमोथोरॅक्समध्ये प्ल्यूराची (फुफ्फुसाच्या आवरणाची) बारीक पांढरी रेघ दिसते, केसासारखी, तिच्या दोन्ही बाजूंना काळं आणि बाहेरच्या बाजूला फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या नाहीत. घडीत रेघ नसते, कड असते, आतून बाहेर येताना करडेपणा हळूहळू वाढत जातो आणि मग एकदम काळं होतं, आणि झूम केलं तर बाहेरही रक्तवाहिन्या जाताना दिसतात. कड बऱ्याचदा मध्येच विरून जाते किंवा छातीच्या भिंतीबाहेर निघून जाते. खांद्याच्या हाडाची आतली कडाही अशीच फसवते, ती दुसऱ्या बाजूशी ताडून बघितली की ओळखू येते. शंका राहिलीच तर पाठीखालची कातडी सरळ करून पुन्हा फिल्म, नाहीतर अल्ट्रासाउंड.

पायरी ३: नळ्या, फुफ्फुसाच्या आधी

ह्याच क्रमाने जा, कारण फुफ्फुसात जे दिसतंय त्याचं कारण बऱ्याचदा नळीच असते.

एंडोट्रॅकियल ट्यूबचं (श्वासासाठी घातलेल्या नळीचं) टोक मोठ्या माणसात, मान सरळ असताना, कॅरिनाच्या (श्वासनलिका दुभागते त्या जागेच्या) साधारण ५ सेंमी वर हवं. पण मान कशी होती? हनुवटी छातीकडे गेली की टोक सुमारे २ सेंमी खाली उतरतं, मान मागे गेली की तेवढंच वर चढतं. म्हणून ट्यूब बघताना फिल्मवर जबडा कुठे आहे तेही बघायचं. जबडा कॉलरबोनवर टेकलाय आणि टोक कॅरिनाच्या ३ सेंमी वर आहे तर ट्यूब मागे ओढायची काही गरज नाही, मान सरळ केली की ती आपोआप जागेवर येईल, आणि ती ओढून मग कुणी मान मागे केली तर ट्यूब बाहेरच येईल.

एक्सरे ट्यूब श्वासनलिकेत आहे की अन्ननलिकेत हे नीट सांगत नाही, ह्याचं नवीन मुलांना नेहमी आश्चर्य वाटतं. समोरून घेतलेल्या फिल्ममध्ये दोन्ही नळ्या एकावर एक येतात. तो निकाल कॅपनोग्राफीचा (बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजण्याचा). एक्सरे फक्त खोली सांगतो.

रायल्स ट्यूबच्या (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीच्या) बाबतीत मात्र एक्सरेवरच भरवसा ठेवायचा, हवा ढकलून स्टेथोस्कोप लावण्यावर नाही. चार गोष्टी: नळी मधून खाली येऊन कॅरिनाला दुभागून सरळ पुढे जाते का (कुठल्याही ब्रॉन्कसच्या, म्हणजे श्वासनलिकेच्या फांदीच्या, वाटेने वळत नाही ना), डायफ्रॅम मध्याजवळ ओलांडते का, मग डावीकडे वळते का, आणि टोक डाव्या डायफ्रॅमच्या खाली स्पष्ट दिसतं का. नुसतं "टोक डायफ्रॅमच्या खाली आहे" पुरत नाही. फुफ्फुसाचा मागचा भाग डायफ्रॅमच्या घुमटाच्या बराच खाली उतरतो, उजव्या लोअर लोबमध्ये खोल शिरलेली नळी समोरून पोटात असल्यासारखी दिसू शकते, आणि त्यात फीड सोडलं की काय होतं ते सांगायला नको. व्हेंटवर बेशुद्ध पेशंटला नळी चुकीच्या वाटेने गेली तरी खोकला येत नाही, श्वासाच्या ट्यूबचा कफ (टोकाजवळचा फुगा) फुगवलेला असला तरी नळी त्याच्या बाजूने घुसते.

सेंट्रल लाइन (मोठ्या व्हेनमध्ये घातलेली नळी) डावीकडून घातली आणि मेडियास्टायनमच्या डाव्या कडेने सरळ खाली गेलीय? ती आर्टरीत असू शकते, एखाद्या बारक्या व्हेनमध्ये असू शकते, व्हेनच्या बाहेर असू शकते, किंवा पेशंटला जन्मापासून डावा एसव्हीसी (शरीराच्या वरच्या भागातलं रक्त हृदयात आणणारी मोठी व्हेन) असू शकतो, हजारात तीन ते पाच माणसांना असतो. फिल्मवर तर्क करत बसण्यापेक्षा प्रेशर ट्रेस लावा आणि त्या लाइनमधलं रक्त ब्लड गॅस तपासणीला पाठवा.

आयसीडीची नळी समोरून अगदी छान जागेवर दिसते आणि असते चामडीखाली, किंवा फिशरमध्ये (लोबमधल्या फटीत) अडकलेली. नळीच्या पांढऱ्या रेघेत जिथे खंड आहे ते तिचं शेवटचं छिद्र, ते रिब्सच्या आत आहे ना एवढं तरी बघा. बाटलीच्या नळीतला पाण्याचा कॉलम श्वासासोबत हलत नाही आणि फिल्म "चांगली" आहे, तर कॉलमवर विश्वास ठेवा.

पायरी ४: एक बाजू पूर्ण पांढरी

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून इथे थांबून वाचा.

अर्धी छाती पांढरी झाली की डोक्यात पहिला शब्द येतो "इफ्यूजन" (फुफ्फुसाबाहेर साठलेलं पाणी) आणि हात जातो सुईकडे. आधी एकच प्रश्न, मेडियास्टायनम कुठे गेलाय? ट्रेकिया आणि हृदय पांढऱ्या बाजूकडे ओढले गेलेत तर फुफ्फुस बसलंय, म्हणजे कोलॅप्स. पलीकडे ढकलले गेलेत तर पाणी. जागच्या जागी आहेत तर कन्सॉलिडेशन (भरून घट्ट झालेलं फुफ्फुस), किंवा पाणी आणि कोलॅप्स दोन्ही मिळून एकमेकांचा परिणाम खोडतायत. कोलॅप्समध्ये सुई घातली तर पाणी मिळणार नाही, डायफ्रॅम आणि लिव्हर किंवा स्प्लीन वर ओढले गेलेले असतात, सुई कुठे जाईल त्याचा विचार करा.

आणि कोलॅप्स असेल तर लगेच ट्यूबकडे परत जा. डावी बाजू पूर्ण पांढरी, मेडियास्टायनम डावीकडे, ट्यूबचं टोक उजव्या मेन ब्रॉन्कसमध्ये, हे चित्र इतकं नेहमीचं आहे की मी डावी बाजू पांढरी दिसली की फुफ्फुस न बघता आधी कॅरिनाच शोधतो. टोक जास्तच खोल असेल तर उजवा अप्पर लोबही बसतो कारण त्याचं तोंड झाकलं जातं. ट्यूब दोन-तीन सेंमी मागे घेतली, थोडं फुगवलं, तासाभरात दुसरी फिल्म, फुफ्फुस उघडलेलं. ट्यूब जागेवर असेल तर म्यूकस प्लग (अडकलेला कफाचा बोळा). तासाभरापूर्वी ठीक होता आणि अचानक एक बाजू पांढरी, आत एअर ब्रॉन्कोग्राम (पांढऱ्यातून दिसणाऱ्या हवेच्या काळ्या नळ्या) नाही, तर प्लगच डोक्यात ठेवा, सक्शन, फिजिओ, नाहीच निघाला तर ब्रॉन्कोस्कोपी. ब्रॉन्कसमध्ये हवाच नसेल तर एअर ब्रॉन्कोग्राम दिसणार कुठून.

पूर्ण पांढरं होणं तरी डोळ्यात भरतं, थोडं पाणी मात्र आडव्या पेशंटमध्ये लपून बसतं. उभ्या फिल्मवर सुमारे २०० मिली पाण्याने कॉस्टोफ्रेनिक अँगल (रिब्स आणि डायफ्रॅममधला कोपरा) बोथट होतो. आडव्या पेशंटमध्ये पाणी पाठीमागे पसरतं, अँगल तीक्ष्ण राहू शकतो आणि त्या बाजूवर नुसता धूर पसरल्यासारखा दिसतो, काहीशे मिली असलं तरी. त्या धुरातून रक्तवाहिन्या स्पष्ट दिसत राहतात, ही पाण्याची खूण. कन्सॉलिडेशनमध्ये त्या पुसल्या जातात. एक बाजू फक्त थोडी करडी वाटतेय आणि रोटेशन नाहीये, तर प्रोब ठेवा.

डाव्या लोअर लोबचं, हृदयामागचं पांढरेपण आयसीयूत इतकं कॉमन आहे की आडवं पडून राहणाऱ्या माणसात ते दिसलं नाही तर बरं वाटतं. त्याला सरसकट न्यूमोनिया म्हणू नका. ताप, कफाचा रंग आणि प्रमाण, टीएलसी (रक्तातल्या पांढऱ्या पेशी), ऑक्सिजनची वाढलेली गरज, ह्यातलं काहीच नसेल तर तो ॲटेलेक्टॅसिस (हवा न भरल्याने बसलेला भाग) असायची शक्यता जास्त, आणि त्याचा इलाज मेरोपेनमसारखं अँटिबायोटिक नाही.

पायरी ५: एक बाजू जास्त काळी

आडव्या पेशंटमध्ये हवा वरच्या टोकाला, एपेक्सला जात नाही, ती पुढे आणि खाली, पोटाच्या बाजूला, जमते, कारण आडव्या छातीत सगळ्यात उंच जागा ती. त्यामुळे एपेक्सला प्ल्यूराची रेघ शोधून "न्यूमोथोरॅक्स नाही" असं लिहिणं चुकीचं. खाली बघा: कॉस्टोफ्रेनिक अँगल एका बाजूला विचित्र खोल आणि काळा झालाय का (डीप सल्कस साइन), पोटाचा वरचा कोपरा त्या बाजूला जास्त काळा वाटतोय का, हृदयाची किंवा डायफ्रॅमची कड एकाच बाजूला पेनाने काढल्यासारखी तीक्ष्ण झालीय का, डायफ्रॅमच्या दोन रेघा दिसतायत का. बरेच न्यूमोथोरॅक्स आडव्या फिल्मवर दिसतच नाहीत, संशय असेल आणि फिल्म साफ असेल तर तुमचा संशयच जास्त महत्त्वाचा.

आता उलटी बाजू, काळं दिसतंय पण न्यूमोथोरॅक्स नाही. सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटमधला मोठा बुला, म्हणजे फुफ्फुसातच तयार झालेली हवेची पोकळी. त्याची कड आतल्या बाजूला गोलाकार, फुग्यासारखी असते आणि न्यूमोथोरॅक्समध्ये फुफ्फुसाची कड साधारण छातीच्या भिंतीला समांतर जाते. हे वाक्य वाचायला सोपं आहे, रात्री तीन वाजता तेवढं सोपं राहत नाही. बुलात आयसीडी घातला तर एअर लीक मागे लागतो आणि तो आठवडेच्या आठवडे थांबत नाही. पेशंट स्थिर असेल तर जुन्या फिल्म मागवा, घरच्यांना विचारा, सीटी करा.

दुसरा बहुरूपी म्हणजे छातीत आलेलं पोट. डायफ्रॅम फाटलाय किंवा मोठा हायटस हर्निया आहे, छातीत हवा आणि पाण्याची लेव्हल दिसते, सगळे हायड्रोन्यूमोथोरॅक्स म्हणतात. रायल्स ट्यूब घाला आणि फिल्म काढा, नळी छातीत गुंडाळलेली दिसली की उत्तर मिळालं. जठरात आयसीडी घातल्याच्या गोष्टी प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात दबक्या आवाजात सांगितल्या जातात.

चामडीखाली हवा पसरली असेल तर छातीच्या स्नायूंचे धागे पिसासारखे वेगळे दिसतात आणि त्या रेघांच्या जंगलात न्यूमोथोरॅक्स शोधणं जवळजवळ अशक्य होतं. अल्ट्रासाउंडही तिथे आंधळा होतो. व्हेंटवरच्या पेशंटमध्ये अशी हवा नव्याने आली तर ती कुठूनतरी येतेय हे धरून चाला आणि सीटीचा विचार लवकर करा.

पायरी ६: दोन्ही बाजू पांढऱ्या

फेल्युअरमुळे फुफ्फुसात साठलेलं पाणी की एआरडीएस (सुजेने झालेली फुफ्फुसाची गंभीर इजा), हा वाद राउंडमध्ये रोजचा. एआरडीएसच्या २०१२ च्या बर्लिन व्याख्येत दोन्ही बाजूंच्या शॅडोज लागतात, त्याही इफ्यूजन, कोलॅप्स किंवा नोड्यूल्सने पूर्ण समजावता न येणाऱ्या. पण एकच फिल्म दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवली तर दोघांचं एकमत होईलच असं नाही, त्यामुळे तुमचं आणि कन्सल्टंटचं जमलं नाही तर फार मनाला लावून घेऊ नका.

मदत करणारी एक गोष्ट, व्हॅस्क्युलर पेडिकल. वर, मेडियास्टायनमच्या मोठ्या रक्तवाहिन्यांचा पट्टा. आडव्या पोर्टेबल फिल्मवर तो ७० मिमीपेक्षा रुंद आणि जोडीला सीटीआर ०.५५ च्या वर असेल तर शरीरात पाणी जास्त असायची शक्यता वाढते. शक्यता वाढते एवढंच, आणि रोटेशन असेल तर तो आकडा फेकून द्या. इको, फ्लुइड चार्ट आणि लघवी ह्यांच्यासोबतच तो वाचायचा.

फेल्युअरचं पाणी दोन्ही बाजूंना वटवाघळाच्या पंखांसारखं पसरलं पाहिजे असं पुस्तकात असतं. एम्फिसीमा असेल तर जिथे फुफ्फुस शिल्लक आहे तिथेच पाणी दिसतं, ठिपक्याठिपक्याने. पेशंट एका कुशीवर बराच वेळ असेल तर खालच्या बाजूला जास्त. आणि हार्ट अटॅकनंतर मायट्रल व्हॉल्व अचानक लीक व्हायला लागला तर रक्ताचा झोत उजव्या वरच्या पल्मनरी व्हेनकडे जाऊ शकतो आणि पाणी फक्त उजव्या अप्पर लोबमध्ये दिसतं, हुबेहूब न्यूमोनिया. ताप नाही, अचानक दम, उजवा अप्पर लोब पांढरा, अलीकडे हार्ट अटॅक, तर त्या रात्रीच इको करून घ्या. मर्मर ऐकू येत नाही म्हणून निश्चिंत राहू नका, अशा अचानक झालेल्या लीकमध्ये तो अगदी हळू असू शकतो.

हिमोग्लोबिन कारण नसताना पडतंय आणि दोन्ही फुफ्फुसं नव्याने पांढरी, तर फुफ्फुसातल्या रक्तस्रावाचा विचार करा, खोकल्यातून रक्त आलंच पाहिजे असं नाही. एक्मोवर (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणाऱ्या मशीनवर) घेतलेल्या पेशंटची फिल्म पहिल्या एक-दोन दिवसांत पूर्ण पांढरी होते, व्हेंट मुद्दाम कमी केलेलं असतं, नातेवाइकांना ती फिल्म दाखवायच्या आधी हे सांगा. आणि फेल्युअरच्या पेशंटमध्ये उजवीकडे मधोमध लिंबासारखी गाठ दिसली तर लगेच कॅन्सर म्हणू नका, फिशरमध्ये साठलेलं पाणी असं दिसतं आणि फ्युरोसेमाइडने (लघवीवाटे पाणी काढणाऱ्या औषधाने) दोन दिवसांत गायब होतं.

मग फिल्म साफ आहे आणि पेशंट निळा पडतोय, त्याचं काय? पल्मनरी एम्बोलिझम (फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी), दमा, शंट (ऑक्सिजन न घेताच पुढे जाणारं रक्त), सुरुवातीच्या तासांतलं ॲस्पिरेशन, न्यूट्रोपेनियातला न्यूमोनिया. साफ फिल्म हीसुद्धा एक फाइंडिंग आहे.

पायरी ७: कालची फिल्म शेजारी लावा

मला विचाराल तर एकट्या फिल्मवर मत देऊच नये. बदल किती वेगाने झाला ह्यावरून अर्धं निदान होतं. काही तासांत आलं किंवा काही तासांत गेलं तर ते पाणी, कोलॅप्स किंवा प्लग, न्यूमोनिया तासांत विरघळत नाही. न्यूमोनियाची शॅडो तर पेशंट बरा होऊन घरी गेल्यावरही आठवडेच्या आठवडे राहू शकते, म्हणून ताप गेलाय, ऑक्सिजन कमी लागतोय, पण फिल्म तशीच आहे एवढ्यावर अँटिबायोटिक बदलू नका.

ताडून बघताना दोन्ही फिल्मची पोझिशन, श्वास आणि पीप सारखं होतं का ते आधी बघा (पायरी १ मधली सगळी कटकट याचसाठी होती). आणि फक्त कालची नको, आठवड्यापूर्वीचीही उघडा, रोज थोडं थोडं बिघडलेलं एका दिवसाच्या फरकात कळत नाही.

पायरी ८: प्रोब आणि सीटीही फसवतात

अल्ट्रासाउंड आला म्हणून सुटलो असं वाटतं. लंग स्लायडिंग (श्वासासोबत प्ल्यूराची रेघ सरकणं) दिसलं तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही, हे पक्कं. पण स्लायडिंग नाही म्हणजे न्यूमोथोरॅक्स, हे पक्कं नाही. ट्यूब उजवीकडे गेली असेल तर डावीकडे स्लायडिंग दिसणार नाही, जुनं प्ल्यूरोडेसिस (प्ल्यूरा मुद्दाम चिकटवणं), चिकटलेला प्ल्यूरा, गंभीर एआरडीएस, बुला, सगळ्यांत ते जातं. अशा वेळी हृदयाच्या ठोक्यासोबत प्ल्यूराची रेघ थरथरतेय का बघा, थरथरत असेल तर फुफ्फुस भिंतीला टेकलेलं आहे. आणि जिथे स्लायडिंग येतं-जातं तो लंग पॉइंट सापडला तर न्यूमोथोरॅक्स जवळजवळ नक्की, फक्त डावीकडे हृदयाच्या कडेला आणि खाली डायफ्रॅमजवळ तसाच खोटा पॉइंट दिसतो तो मोजू नका. बी-लाइन्स (प्ल्यूरापासून खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा) दिसल्या म्हणून लगेच फ्युरोसेमाइड देऊ नका, एआरडीएस, फायब्रोसिस, न्यूमोनिया, कंट्यूजन सगळ्यांत त्या येतात. दोन्ही बाजूंना सारख्या आणि प्ल्यूराची रेघ गुळगुळीत असेल तर पाण्याकडे झुका, ठिगळाठिगळाने आणि रेघ खडबडीत असेल तर एआरडीएसकडे.

सीटीत पाठीकडचा पांढरा पट्टा बऱ्याचदा फक्त आडवं पडल्याचा परिणाम असतो. सीटीपीएत (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या सीटीत) पेशंटने श्वास घेतल्याने किंवा कॉन्ट्रास्टचं टायमिंग चुकल्याने रक्तवाहिन्यांत काळे ठिपके दिसतात आणि क्लॉट म्हणून रिपोर्ट होतात. व्हीए एक्मोवर (व्हेनमधलं रक्त आर्टरीत परत देणाऱ्या) तर कॉन्ट्रास्ट फुफ्फुसात नीट पोचतच नाही, रेडिओलॉजिस्टला आधी सांगितलं नाही तर मोठा क्लॉट असल्यासारखा स्कॅन येतो. असेंडिंग एओर्टात हृदयाच्या ठोक्यामुळे दुहेरी कड येते आणि डिसेक्शनसारखी (एओर्टाची भिंत आतून फाटल्यासारखी) दिसते, गेटेड (ठोक्याशी जुळवून काढलेल्या) स्कॅनमध्ये ती जाते.

रोज एक्सरे काढायचा का?

नाही. फ्रान्समधल्या २१ आयसीयूंमध्ये व्हेंटवरच्या पेशंटवर झालेला अभ्यास २००९ मध्ये छापून आला, रोज सकाळी सरसकट फिल्म काढण्याऐवजी गरजेपुरती काढली तर फिल्म साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या आणि पेशंटचं काही बिघडलं नाही. जितक्या बिनकामाच्या फिल्म काढाल तितक्या घड्या, वेण्या आणि सावल्या निस्तराव्या लागतील. नवीन नळी, नवीन बिघाड किंवा ठरलेला प्रश्न असेल तर काढा.

आणि फाइलमध्ये लिहिताना "एक्सरे: बायलॅटरल इन्फिल्ट्रेट्स" एवढंच लिहून सोडू नका. असं लिहा: "एपी, आडवा, उजवीकडे रोटेटेड, मागच्या ८ रिब्स, पीप १०. ट्यूब कॅरिनाच्या ४ सेंमी वर. रायल्स डायफ्रॅमखाली डावीकडे. डावा बेस कालपेक्षा जास्त पांढरा, हृदय डावीकडे ओढलेलं, कोलॅप्स वाटतो, सक्शन करून २ तासांनी पुन्हा बघणार." सकाळी कन्सल्टंटला तुमचं मत चुकीचं वाटलं तरी तुम्ही काय बघितलं होतं आणि काय नाही हे त्यांना कळेल, आणि रेडिओलॉजिस्टला फोन केलात तर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे लिहिलेली असतील.